मुलगा 'ब्रेकिंग बॅड' बघत होता, आता मीही बघतेय. थांबवू का?

डिस्पॅचवाली

प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. आमचे हे पुण्याला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. घरात मी, सासूबाई आणि मुलगा. त्याची नववी झाली, पंधरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. सुट्टी चालू, बाहेर ४३ अंश, त्यामुळं दुपारभर कुलरपुढं आडवा आणि हातात मोबाईल. ह्यांच्या रिचार्जबरोबर नेटफ्लिक्स आलंय. आलंय तर असू दे, असं करत ते राहिलं.

एप्रिलमध्ये त्याच्या कंपासपेटीच्या झाकणावर मार्करनं काढलेलं एक चित्र दिसलं. काळी टोपी, चष्मा, हनुवटीला दाढी, बाकी चेहरा नाहीच. खाली इंग्रजीत 'हायझेनबर्ग'. मी मोबाईलवर शोधलं. जर्मन शास्त्रज्ञ, १९३२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, की पोराला शास्त्रज्ञांचं वेड लागलंय. आमच्याकडं टॅलीला बसणारा एक बावीस वर्षांचा पोरगा आहे, तो हातातला चहा सांडेपर्यंत हसला. म्हणाला, "मॅडम, ते नोबेलवालं नव्हं."

मग त्यानंच सगळं सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन मालिका, २००८ ते २०१३, पाच सीझन, ६२ भाग. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावात शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा वॉल्टर व्हाइट. वय ५०. फुप्फुसाचा कॅन्सर निघतो. बायको गरोदर, मोठ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. आपल्यामागं ह्यांचं काय होणार, म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ नावाचा नशेचा माल बनवायला लागतो. हायझेनबर्ग हे त्यानं धंद्यासाठी घेतलेलं नाव.

मी लगेच मोबाईल काढून घेणार होते. पण लहानपणी आमच्या अण्णांनी माझ्या हातातलं पुस्तक असंच न वाचता काढून घेतलं होतं, ते मी अजून विसरले नाही. म्हटलं आधी स्वतः बघू. सासूबाई झोपल्यावर, उद्याची भाजी चिरून झाली की आवाज बारीक करून लावायचं. इंग्रजी बोलणं भराभर, म्हणून खालची अक्षरं वाचायची. मी ओळ वाचेपर्यंत दोन माणसं मेलेली असतात, मग परत मागं घ्यायचं. ४५ मिनिटांचा भाग मला सव्वा तास पुरतो.

आता खरं बोलते. रक्ताची मला तितकी भीती नाही वाटली. दुसऱ्याच भागात ॲसिडमध्ये विरघळवलेलं प्रेत बाथटबसकट छत फोडून खाली येतं, तिथं मी डोळ्यांवर पदर घेतला आणि बोटांच्या फटीतून बघितलं. ते जाऊ दे. पण तिसऱ्या भागात तळघरात एक गुंड बांधून ठेवलेला असतो, आणि हा मास्तर त्याला कडा काढून सँडविच नेऊन देतो. दोघं बोलतात, जुन्या फर्निचरच्या दुकानाची ओळख निघते. वॉल्टर त्याला सोडायचंच ठरवतो. मग कचऱ्याच्या डब्यातून फुटलेल्या ताटलीचे तुकडे काढून जुळवायला बसतो, तर एक तुकडा कमी. मी तिथं थांबवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आणि सगळ्यात वाईट झालं ते तिसऱ्या सीझनमध्ये. वॉल्टर आणि त्याचा तो जुना विद्यार्थी जेसी भंगारच्या आवारात एका गाडीत लपलेत, बाहेर वॉल्टरचा साडू हँक, तो अमली पदार्थवाल्या पोलिसांत. दार उघडलं की संपलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "पळ की रे!" कुणाला? त्या मेथवाल्याला! मग ते हँकला खोटा फोन करवतात, की तुझ्या बायकोला अपघात झालाय. तो बिचारा सगळं टाकून दवाखान्याकडं सुटतो. माझा नवरा अडीचशे किलोमीटर लांब असतो. असा फोन कुणी केला तर काय होईल हे मला माहीत आहे. तरी क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, की हे दोघं वाचले.

आमच्या पोरानं आजीच्या मांडीवर बसून 'सीआयडी' बघितलंय. दर भागात मुडदा असायचाच. पण शेवटच्या पाच मिनिटांत दया दार तोडायचा, खुनी रडत कबूल करायचा, आजी "बरं झालं मेल्याचं" म्हणून उठायची. इथं खुनी आपल्या शेजारी बसून जेवतो.

तर विचारायचं हे: मी पंचेचाळिशीची बाई त्याच्या बाजूनं ओढली गेले, मग चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं काय होत असेल? थांबवू का? थांबवलं तर काय सांगून थांबवू, मी तर स्वतः तिसऱ्या सीझनला आहे. पुढं काय होतं ते बिनधास्त सांगा, मला सस्पेन्स नकोय. तो पाचव्याला पोचलाय.

केबलदादा_जुळे_सोलापूर

ताई, ह्यात विचारायचं काय आहे? बंद करा.

अमेरिकेतच त्या मालिकेला टीव्ही-एमए शिक्का आहे, म्हणजे १७ च्या खालच्यांना नको. आपल्याकडं केंद्र सरकारचे फेब्रुवारी २०२१ चे नियम आहेत. ऑनलाइन मालिकांना सिनेमासारखे गट पाडून दिलेत: यू, मग यू/ए ७, १३, १६ आणि शेवटी ए. १३ पासून पुढच्या सगळ्याला पालकांसाठी कुलूप द्यायचं, आणि ए असेल तर बघणाऱ्याचं वय तपासायची सोय ठेवायची, असं कंपन्यांवर बंधन आहे. कुलूप आहे हो, पण लावणार कोण? मी नेट जोडायला घरोघरी जातो. सगळ्या घरात एकच प्रोफाइल, त्यावर आजीचं कीर्तन आणि नातवाचं खूनखराबा एका रांगेत.

करायचं असं. मोबाईलच्या ॲपवर झटापट करू नका, ब्राउझरमध्ये खातं उघडा. पोराचं प्रोफाइल वेगळं करा, त्याला वयाची मर्यादा घाला. एखादी मालिका तेवढीच अडवायची तर तिचं नाव टाकून तीही अडवता येते. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला चार आकडी पिन टाका, नाहीतर पोरगं तिकडून शिरतं. पिन म्हणून त्याचं जन्मसाल ठेवू नका. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी तेच ठेवलेलं असतं. काय काय बघितलं त्याची यादी खात्यात दिसते, पण त्यातलं नाव लपवताही येतं, तेव्हा यादी कोरी दिसली म्हणून खूश होऊ नका.

एवढं करून तो टेलिग्रामवरून उतरवून घेईल ते वेगळं. पण दार उघडं ठेवून चोर आला म्हणण्यात अर्थ नाही.

डिस्पॅचवाली

दादा, पिन जन्मसालच होतं. बदललं.

निवृत्त_परीक्षानळी

ताई, मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, सगळं सोलापुरातच. मालिका मी निवृत्तीनंतर बघितली, जावयानं लावून दिली. तेव्हा दोन गोष्टी सांगतो, एक विषयाची आणि एक माझी.

विषयाची आधी. पोरगं बघून बघून काही बनवायला शिकेल ही धास्ती मनातून काढा. बनवणाऱ्यांनी मुद्दाम पायऱ्या गाळल्यात, उलटसुलट केल्यात. ओक्लाहोमा विद्यापीठातल्या डोना नेल्सन या प्राध्यापिका त्यांच्या सल्लागार होत्या, त्यामुळं फळ्यावर जे लिहिलेलं दिसतं ते बरोबर, आणि जे शिजतं त्यात जागोजाग भोकं. तो प्रसिद्ध निळा रंगही बनावट. शुद्ध माल बिनरंगी असतो, चित्रीकरणात निळी खडीसाखर वापरायचे. आणि तुमचा तो बाथटब: हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं हे खरं, म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. पण टब, फरशी, छत सगळं भेदून प्रेत खाली? 'मिथबस्टर्स' म्हणून टीव्हीवर असल्या गोष्टी प्रयोग करून तपासणारा कार्यक्रम होता, त्यांनी २०१३ मध्ये ते करून बघितलं, तसं काहीही झालं नाही. हे मुलाला जरूर सांगा. हिरोचं रसायनशास्त्र कच्चं निघालं की त्या टोपीचा निम्मा रुबाब उतरतो. माझ्या नातवाचा उतरला.

आता माझी. पहिल्याच भागात वॉल्टर शाळा सुटल्यावर गाड्या धुवायच्या दुकानात काम करतो. गुडघ्यावर बसून चाक पुसताना वर बघतो, तर गाडी त्याच्याच विद्यार्थ्याची. विद्यार्थी आणि त्याची मैत्रीण त्याची टर उडवतात. मी तिथं जावयाला थांबव म्हणालो. माझी पहिली ७ वर्षं विनाअनुदानित कॉलेजात गेली. पगार सहीपुरता. सकाळी कॉलेज, दुपारी चारपासून नवी पेठेत चादरीच्या दुकानात. एकदा अकरावीतला एक पोरगा आईबरोबर चादर घ्यायला आला. मी घडी उलगडून दाखवतोय, "बघा, दोन्ही बाजूंनी वापरता येते, मोर इकडं, मोर तिकडं." त्यानं मला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. चांगल्या घरचा होता, माझी लाज राखली. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर बसला होता, मान खाली घालून.

म्हणून वॉल्टरचा राग मला कळतो. आणि म्हणूनच सांगतो, तो घरच्यांसाठी करतो हे झूट आहे. पहिल्याच सीझनमध्ये त्याचे जुने श्रीमंत दोस्त उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार असतात. तो नाही म्हणतो. का, तर मिंधेपणा नको. माझ्यासारख्या कैक मास्तरांनी ती सात-सात वर्षं काढली. कुणी भाजी विकली, कुणी विमा विकला. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, की दोस्त पैसे देत होते तेव्हा त्यानं घेतले का नाहीत. उत्तर त्याला शोधू द्या, तुम्ही देऊ नका.

आणखी एक, हे सगळं काही सातासमुद्रापलीकडचं नाही. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आपल्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यावर छापा घातला आणि १८ टनांच्या वर एफेड्रिन जप्त केलं. एफेड्रिन तसं सज्जन औषध आहे, ऑपरेशनच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात. पण मेथ बनवणारेही त्याच्याच मागं असतात, म्हणून त्याच्यावर एवढी नजर. तेव्हा माझे दोन-तीन विद्यार्थी चिंचोळीत वेगवेगळ्या कारखान्यांत केमिस्ट होते, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी त्या आठवड्यात शेजारीपाजारी त्यांच्या आईवडिलांना विचारायचे, "तुमचा मुलगा नेमका कुठल्या कंपनीत?" एकाचं लग्न ठरत आलेलं, ते महिनाभर अडकलं. मुलाला त्या वेळच्या बातम्या शोधून वाचायला लावा. त्यात टोपी नाही, वाळवंट नाही, पाठीमागं गाणं नाही. पोती आणि पिंपं आहेत, आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा.

होस्टेल_रूम_१२

काकू, मी तुमच्या मुलाच्या बाजूचा साक्षीदार. आता १९ चा आहे, इंजिनिअरिंगला, मूळचा सोलापूरच्या बाळे भागातला. दहावीच्या सुट्टीत चार दिवसांत तीन सीझन बघितले होते. मित्र खालून हाक मारायचा, "काय बघलालास बे, ये की खाली," आणि मी पोट दुखतंय म्हणायचो.

मी बिघडलो नाही. निदान आईला तसं वाटत नाही. पण एक गोष्ट सांगतो, जी मला तेव्हा कळली नव्हती. तेव्हा मला वॉल्टरच्या बायकोचा, स्कायलरचा, भयंकर राग यायचा. सारखी मध्ये मध्ये करते, सारखं विचारते, ह्याला सुखानं काही करू देत नाही. आमच्या वर्गात सगळ्यांचं तेच मत होतं. जगभर होतं म्हणे. ते काम करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता, की लोक त्या पात्राचाच नाही तर माझाही द्वेष करायला लागलेत. नवरा खून करतोय आणि शिव्या बायकोला.

मागच्या वर्षी होस्टेलवर परत बघितलं. आणि मला लाज वाटली राव. त्या घरात शहाण्यासारखं बोलणारी ती एकटी आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी जेसीची मैत्रीण झोपेत उलटी होऊन गुदमरते, वॉल्टर शेजारी उभा राहून बघत राहतो, हात लावत नाही. पंधराव्या वर्षी मी तिथं मनातल्या मनात हिशेब मांडला होता, की बरं झालं, ती ब्लॅकमेल करत होती. अक्षरशः असा विचार केला होता मी. कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. कुणी विचारलंच नाही, कारण मी बघतोय हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

म्हणजे काकू, बंद करा किंवा करू नका, पण स्कायलर कशी वाटते ते विचारा त्याला. त्यावरून कळेल तो कुठं आहे.

सुई_दोरा

मी मालिका पूर्ण बघितली नाही, बघवली नाही. माझा धाकटा भाऊ नशेत गेला. मेथ वगैरे नाही, आपल्याकडची साधी सुरुवात. आधी गुटखा, मग खोकल्याचं औषध, मग हातभट्टी. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून आणला. आता बरा आहे, रिक्षा चालवतो, पण खिशाला हात लावताना मी अजून त्याच्याकडं बघते.

भाच्यानं मला एकच भाग दाखवला होता, दुसऱ्या सीझनमधला. जेसी एका नशेबाज जोडप्याच्या घरात वसुलीला शिरतो. घरात उकिरडा, आणि त्यात एक छोटं पोरगं. अंग मळलेलं, तोंडातून शब्द नाही. जेसी त्याला खायला करून देतो, ओढणीआडून भोज्जा करतात तसं त्याच्याशी खेळतो. शेवटी त्या बाईनं नवऱ्याच्या डोक्यावर पैशाचं मशीन पाडलेलं असतं, ते भयानक आहे, तेवढं पुढं ढकला. पण ते पोरगं बघायला हवं. माझ्या भावाचा मुलगा तेव्हा तेवढाच होता, आणि माझ्याकडं आला की आधी फ्रिज उघडायचा.

सरांनी एमआयडीसीचं लिहिलं, मी मुळेगावच्या तांड्याचं लिहिते. तिथं घरोघरी हातभट्टी लागायची, सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. धाडी पडायच्या, रसायन ओतून द्यायचे, आठ दिवसांत परत पेटायची. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते मॅडम ग्रामीणच्या एसपी असताना पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' काढलं, धाडींबरोबर त्या बायाबापड्यांना दुसरं काम मिळवून द्यायचं. मी शिवणकाम करते म्हणून मला ते जवळचं वाटलं, कारण तिथल्या बायका शिवायला बसल्या. कष्टाचं काम आहे, पैसे कमी, पण करतात. पोटासाठी म्हणून चूल पेटवणारी ती माणसं आणि तुमचा तो वॉल्टर, ह्यांच्यात फार फरक आहे. त्यांना कुणी श्रीमंत दोस्त पैसे द्यायला आले नव्हते.

बघू द्या का नको ते मला सांगता येत नाही. एकट्याला देऊ नका.

केबलदादा_जुळे_सोलापूर

सगळे एवढं छान छान लिहिताय, पण पोराचं वय १४ आहे हे कुणी बोलत नाही. मी पण बघितलीय मालिका, मला पण आवडली. म्हणून काय १४ व्या वर्षी? गाडी चांगली आहे म्हणून लायसन नसताना देता का चालवायला?

(देतात म्हणा. सात रस्ता चौकात उभं राहून बघा.)

डिस्पॅचवाली

दोन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये कारखान्यात निर्यातीचा माल निघाला, श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

दादा, तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडं काही नाही. मोबाईलवरचं नेटफ्लिक्स काढून टाकलं. पण चार सीझन बघून झालेल्या पोराला पाचवा नाही म्हणणं मला जमलं नाही. तुम्ही म्हणाल हीच तर पळवाट. असेल. ठरलं असं, की हॉलमधल्या टीव्हीवर, रात्री, मी असेन तरच, आणि माझ्या वेगानं. तो वैतागतो, कारण मी मागं घ्यायला लावते. मग तोच भराभर मराठीत सांगायला लागला. परवा सासूबाईंना झोप लागेना, त्याही येऊन बसल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "हा टकला मास्तर आहे का? मग पोरं कोण तपासतंय?" वह्या म्हणायचं होतं त्यांना.

स्कायलरचं विचारलं. मी भाकरी थापत होते, तो ओट्यावर बसून शेंगाचटणी बोटानं खात होता.

"ती बायको कशी वाटते रे तुला?"

"कोण, स्कायलर? किटकिटी आहे. सारखं कुठं होतास, कुठं होतास."

मला ती पहिल्यापासून आवडते. तीही हिशेब लिहायची नोकरी करते, माझ्यासारखी. म्हटलं, "मी तुझ्या बाबांना रोज रात्री फोन करून तेच विचारते."

"तू वेगळी."

"ती कशी काय?"

"बाबा खरंच पुण्यात असतात."

भाकरी तव्यावर करपली. मी ह्यांना फोनवर हे सांगितलं तर ते खूप वेळ हसले, आणि मग एकदम म्हणाले, "असतोच की मी पुण्यात."

सर, दोस्तांच्या पैशाचंही विचारलं. त्यावर त्यानं दोन दिवस घेतले. मग आंघोळीला जाता जाता म्हणाला, "घेतले असते तर मालिका पहिल्या सीझनलाच संपली असती." हे उत्तर आहे की चुकवाचुकवी, मला ठरवता आलं नाही. बाथटबचं मात्र त्याला फार लागलं. मिथबस्टर्सचं शोधून बघितलं आणि दिवसभर तोंड पाडून बसला. जेसीच्या मैत्रिणीबद्दल मी अजून विचारलेलं नाही. होस्टेलवाल्या बाळा, तू लिहिलंस ते वाचल्यापासून मला उत्तराची भीती वाटते.

परवा पाचव्या सीझनमधला रेल्वेच्या दरोड्याचा भाग होता. तो मला नीट माहीत नव्हता, त्याचा बघून झालेला. दरोडा जमतो, हे सगळे ओरडतायत, हात वर करतायत, मीही खुर्चीच्या टोकाला. तेवढ्यात त्यानं रिमोट घेऊन थांबवलं.

"आई, तू पाणी पिऊन ये."

"तहान नाही मला."

"मग डोळे मिट. मी सांगतो कधी उघडायचे ते."

मी नाही मिटले. रुळांपलीकडं मोटारसायकलवर एक शाळकरी पोरगा उभा असतो. वाळवंटात सापडलेला कोळी त्यानं बरणीत घालून घेतलाय. तो ह्यांना बघून हात हलवतो. ह्यांच्यातलाही एकजण हात हलवतो आणि गोळी घालतो. जेसी नको नको म्हणून ओरडतो, तोवर झालेलं असतं. काळा पडदा, नावं सुरू.

मी वळून बघितलं तर पोरगा टीव्हीकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "सांगितलं होतं तुला." मग टीव्ही बंद केला आणि आजीचं पांघरूण नीट करायला गेला, जे तो कधी करत नाही. पुढचा भाग लाव असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. अजून ११ उरलेत. कंपासपेटीवरचं चित्र आहे तसंच आहे, मी पुसायला सांगितलेलं नाही.

आणि सर, चिंचोळीचं त्यानं स्वतः शोधून वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडं आला. "आई, १८ टन म्हणजे किती?"

हे मला येतं. आमचा माल जातो ती सहा चाकी गाडी ९-१० टन घेते. म्हटलं, "भरून दोन ट्रक."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दोन ट्रक माल गोदामात पडून होता, आणि तिथं रोज कामाला येणाऱ्या कुणालाच दिसला नाही?"

मी डिस्पॅचची बाई, गोदामात कुठं काय पडलंय ते मला झोपेतही सांगता येतं. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. सर, तुमच्या त्या विद्यार्थ्यांपैकी कुणी बोलतं का ह्याबद्दल?